डावीकडून पाचवी

गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. लेकीच्या सिंक्रो टीमची, म्हणजे बर्फावर हात धरून एकसारखं स्केटिंग करणाऱ्या टीमची, सेक्शनल्स, म्हणजे विभागीय स्पर्धा होती. मिशिगनहून पाच तास गाडी चालवून आम्ही पोचलो होतो. बाहेर उणे बारा, आणि रिंकच्या लोखंडी बाकावर बसलं की आतही फार वेगळं वाटत नव्हतं. टीमचा अख्खा व्हिडिओ कुणी ना कुणी घेतंच, त्याची मला काळजी नव्हती. मला ती हवी होती, एकटी ती. म्हणून मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरून, झूम करून, संगीत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मी कॅमेरा तिच्यावरून हलवला नाही. रांग फुटली, वर्तुळ झालं, चाक फिरलं, दोन रांगा एकमेकींतून आरपार गेल्या, तरी मी तिला सोडलं नाही. बोटं गारठून दुखायला लागली होती. संपल्या संपल्या व्हिडिओ साताऱ्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण आई जागीच होती. लगेच उत्तर आलं, "किती गोड दिसतीय. दृष्ट काढ आधी पोरीची." रात्री हॉटेलच्या खोलीत लेक पलंगावर मांडी घालून अंबाड्यातले आकडे काढत बसली होती. मी कौतुकाने तिच्यापुढे मोबाईल धरला. तिने दहा सेकंद बघितलं असेल.

"आई, ही मी नाहीये."

मी पुन्हा बघितलं. तोच निळा ड्रेस, तीच लाल लिपस्टिक, घट्ट चोपून बांधलेला तोच काळाभोर अंबाडा. मान वळवताना हनुवटी किंचित वर उचलायची पद्धतसुद्धा तीच. पण ती नव्हती. सगळा वेळ मी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीकडे माझी म्हणून बघत होते. मला वाटलं, लेकीला वाईट वाटेल. आपली आईच आपल्याला ओळखत नाही म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? पण तिचे डोळे चमकले. "खरंच तुला कळलं नाही? म्हणजे आमचं जमलं!" असं म्हणत माझ्या हातातला मोबाईल हिसकावून ती अनवाणीच कॉरिडॉरमध्ये पळाली, बाकीच्या खोल्यांचे दरवाजे ठोठावत. मी पलंगावर एकटीच उरले. चादरीवर तिने काढून ठेवलेले बावीस आकडे होते. मी ते उगाचच मोजले, आणि मग डबीत भरून ठेवले.

तेव्हापासून हे मनातून जात नाही.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये ती या टीममध्ये गेली तेव्हा आठ वर्षांची होती, आणि टीममध्येही मुली आठच होत्या. काळ्या केसांची एकटी माझी. मैदानाएवढ्या त्या बर्फावर तिला शोधावंच लागत नसे. दारातून आत आलं की पहिली नजर तिच्यावरच पडायची. कोच त्यांना एकमेकींचे हात धरायला सांगायची आणि आठ जणींची ती साखळी तोल सावरत, अडखळत निघायची. एक जण पडली की तिच्या शेजारची पडायची, मग तिच्या शेजारची, माळ तुटून मणी ओघळावेत तशा. उठताना त्या एकमेकींना धरूनच उठायला बघायच्या आणि पुन्हा पडायच्या. त्या वर्षीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आठ मुली, सोळा पाती, आणि प्रत्येक पात्याचा बर्फावर घासायचा सूर वेगळा. कुणाचं खर्रर्र, कुणाचं नुसतं टकटक, आणि मध्येच कुणी धप्पकन बसल्याचा आवाज. सिंक्रो म्हणजे एकसारखं, हे त्या वर्षी नुसतं टीमच्या जॅकेटवर लिहिलेलं होतं.

मला हे सगळं परकं वाटायला हवं होतं. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, सव्वीसाव्या वर्षी. पण त्या आठ जणींकडे बघताना मला आमच्या शाळेचं पटांगण दिसायचं. सव्वीस जानेवारीच्या आधी महिनाभर रोज शेवटचे दोन तास लेझीम. चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, हूल. थंडीत लेझमीची कडी हाताला गार लागायची आणि तळव्याला तिचा वास राहायचा, घाम आणि गंजलेलं लोखंड एकत्र. आमचे पी.टी.चे सर एक वेगळीच गोष्ट करायचे. रांगा लावून झाल्या, हलगी सुरू झाली की ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. हात मागे बांधून, तोंड शाळेच्या फाटकाकडे. दीडशे मुली खाली वाकून उठतायत आणि सर फाटकाकडे बघतायत. मध्येच, मान न वळवता म्हणायचे, "तिसरी रांग." आणि खरोखर तिसऱ्या रांगेत कुणाची तरी झांज अर्धी मात्रा मागे पडलेली असायची. डोळ्यांनी फसता येतं, कानाने नाही, हे मी त्यांच्या पाठीकडे बघत शिकले. महिना संपत आला की एक दिवस असा यायचा, सर पाठ करून उभेच राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. हलगी थांबायची, आम्ही थांबायचो, धूळ खाली बसायची, आणि तरी ते वळायचे नाहीत. त्या दिवशी घरी जाताना आम्ही पोरी उगाचच हसत सुटायचो.

लेकीच्या सरावाला मीही असंच करायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून असेल. पहाटे पावणेसहाचा बर्फ मिळायचा, कारण बाकीच्या वेळा हॉकीवाल्यांच्या. झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, नुकती फिरून गेलेली असायची, बर्फावर पाण्याचा पातळ थर चकाकत असायचा, आणि मी थर्मासमधला आल्याचा चहा घेऊन डोळे मिटून बसायची. पहिल्या वर्षीची ती खरखर हळूहळू जुळत गेली. आधी दोघींची एक झाली, मग चौघींची. एके दिवशी एका वळणावर सगळ्यांचं वजन एकाच वेळी पात्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं आणि कापड फाडावं तसा एकच लांब आवाज आला. मी डोळे उघडले. कोचनेही शिट्टी तोंडातून खाली घेतली होती. मुलींना स्वतःला काही कळलं नव्हतं. त्या पुढच्या वळणावर पुन्हा विस्कटल्याही.

आम्ही राहतो तिथून अ‍ॅन आर्बर जवळ आहे, आणि हा खेळ जन्मला तो तिथेच. १९५६ साली डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी तिथल्या मुलींची एक टीम बांधली, हॉकेट्स तिचं नाव. मिशिगन विद्यापीठाच्या हॉकीच्या सामन्यांमध्ये मध्यंतरात प्रेक्षकांपुढे स्केटिंग करायचं, एवढंच तिचं काम. पुरुषांचा खेळ थांबला की तेवढ्या मोकळ्या बर्फावर काही मिनिटं मुलींनी हात धरून फिरायचं. मला हे वाचून खूप काही वाटलं होतं. नंतर त्याला प्रिसिजन स्केटिंग म्हणायला लागले, १९८४ मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि २००० साली मिनियापोलिसला पहिली जागतिक. ती स्वीडनच्या टीम सरप्राइझने जिंकली. अमेरिकेत जन्मलेल्या खेळाचं जागतिक पदक अमेरिकेला मिळायला २००७ उजाडलं, तेही ओहायोतल्या मायामी विद्यापीठाच्या मुलींनी आणलं, रुपेरी. आणि ऑलिंपिकमध्ये तर हा खेळ अजूनही नाही. लेकीला मी एकदा विचारलं होतं, याचं वाईट नाही का वाटत? ती बुटाची नाडी आवळत होती. म्हणाली, "वाटतं की. पण मग एकटीचं स्केटिंग करायला लागेल ना." तिला तोच काय तो पर्याय दिसत होता, आणि तो तिला नको होता.

टीम वाढली म्हणजे काय झालं, हे बाहेरच्याला सांगताना आकडे सांगणं सोपं. आठाच्या अकरा झाल्या, मग चौदा, मग सोळा आणि वर दोन राखीव. एकेक पायरी चढत नॉव्हिस पातळीपर्यंत पोचल्या. पण मला दिसलेली वाढ चाकात होती. चार आऱ्यांचं चाक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक आऱ्यात चौघी, एकमेकींच्या खांद्यांवर हात, आणि सगळं चाक मधल्या बिंदूभोवती फिरतंय. मधली मुलगी जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकते आणि टोकाची जिवाच्या आकांताने पळते, तरच आरा सरळ राहतो. लहानपणी टोकाची मागे पडायची आणि आरा वाकायचा, कोयत्यासारखा. सगळे टोकाच्या मुलीकडे बघायचे. पुढे कोचने सांगितलं तेव्हा कळलं, बऱ्याचदा चूक मधलीची असते. तिला जागच्या जागी फिरायचा कंटाळा येतो, ती वेग वाढवते, आणि शिक्षा टोकाला भोगावी लागते. माझी लेक चार वर्षं मधली होती. स्वतःचा वेग आवरून धरायचा, आपल्याला येतंय त्याहून कमी करायचं, हे मी तिला घरी कधीही शिकवलं नव्हतं. उलटच शिकवलं होतं. वर्गात हात पहिला वर कर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत स्टेजवर पुढच्या रांगेत उभी राहा. या देशात मागे राहिलं तर कुणी बघत नाही, हे मी तिच्या कानात किती वेळा बोलले असेन. आणि शनिवारी पहाटे मीच तिला गाडीत घालून अशा ठिकाणी न्यायचे, जिथे एकटी उठून दिसणं हीच चूक होती.

एकदा याचा फार वाईट पेच झाला. ती दहा वर्षांची असेल. गावातलीच छोटी स्पर्धा होती. इंटरसेक्शन, म्हणजे दोन रांगा समोरासमोर येतात आणि एकमेकींच्या मधल्या फटींतून पार जातात, त्यात हिच्या समोरची मुलगी पडली. आणि माझी लेक थांबली. वाकली, तिला हात दिला. मागून येणारी हिच्यावर आदळली, तिच्यावर आणखी एक. कुणाला फार लागलं नाही, पण चौघी-पाच जणी बर्फावर पसरल्या आणि संगीत तसंच चालू राहिलं. नंतर कोच तिच्यासमोर गुडघ्यावर बसून शांतपणे म्हणाली, पडलेलीने स्वतः उठायचं आणि आपली जागा पकडायची. बाकीच्यांनी थांबायचं नाही, पण तिची जागा मोकळी ठेवून पुढे जायचं. गाडीत मागच्या सीटवर लेक रडत होती. "आई, मी तिला उचलायला नको होतं का?" वायपर काचेवरचा हिमभुसा ढकलत होते. मला उत्तर सुचलं नाही. मी तिला काहीतरी खायला दिलं.

जागा मोकळी ठेवून पुढे जायचं. त्या वाक्यापाशी मी अजून अडखळते.

२०२० मध्ये सगळंच थांबलं. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला व्हायची होती. आम्ही आईबापांनी मिळून तिकिटं काढली होती, मुली कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होत्या. ती रद्द झाली. रिंकला कुलूप लागलं. शरद ऋतूत परत उघडलं तेव्हा मुलींनी मास्क लावायचा आणि सहा फूट अंतर ठेवायचं असा नियम होता. हातात हात धरणं हाच ज्याचा प्राण, तो खेळ सहा फुटांवरून कसा खेळायचा? कोचने काय करावं, तर पोहायच्या तलावात लहान मुलं खेळतात ना, त्या फोमच्या लांब रंगीत नळ्या गाडीभर आणल्या. एकेका नळीचं एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. गुलाबी, पोपटी, निळ्या नळ्यांची ती रांग बर्फावरून निघाली तेव्हा काचेबाहेर उभ्या असलेल्या आम्हा बायकांना बोलवेना. नळी लवचिक असते, शेजारणीने ओढलेलं तिच्यातून पोचतच नाही. लेक म्हणायची, "आई, काही ऐकूच येत नाही." हाताने ऐकू येतं, हे तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेजारचीने श्वास घेतला, वजन टाकलं, घाबरली, सगळं बोटांतून कळतं म्हणे. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा परत हात धरले त्या दिवशी ती घरी आली आणि जेवतानाही आपला उजवा तळवा सारखा बघत होती.

त्या काळातच लेकीचा डावा हात धरणारी मुलगी टीम सोडून गेली. नाव सांगत नाही. चार वर्षं ही लेकीच्या डावीकडे होती. रोज नाही, पण रांग लागली की डावीकडे तीच. वडिलांचं काम गेलं आणि बर्फाची फी, कोचची फी, ड्रेस, बूट, प्रवास, हे सगळं त्या घराला झेपेना. आम्ही काही जणांनी मिळून मदत करायची तयारी दाखवली. तिच्या आईने हात जोडावेत तशी मान हलवली आणि नको म्हणाली. मला तिचा मान ठेवावासा वाटला, आणि आग्रह न केल्याची बोचही राहिली. पुढच्या मंगळवारी कोचने बर्फावर मार्करने नवे ठिपके काढले, रांग एक पाऊल सरकली, आणि जागा भरली. इतकी सहज भरली की मला आतून ढवळून आलं. बाहेरून बघणाऱ्याला तिथे कधी कुणी होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. पण घरी येताना लेक म्हणाली, "हिची पकड वेगळी आहे. ती अंगठा आत घ्यायची." नंतर कितीतरी महिने मी बघत होते, कोणताही मोकळा क्षण मिळाला की लेकीचा डावा अंगठा आपोआप आत वळायचा. तिच्या हातातली जागा काही लगेच भरली नाही.

आणि मग एक अख्खा सीझन ती स्वतः राखीव होती. उंची एकदम वाढली, तोल बिघडला, पोटरीचं दुखणं मागे लागलं. स्पर्धेच्या दिवशी राखीव मुलीही बाकीच्यांसारख्याच नटतात. तोच अंबाडा, तोच ड्रेस, तीच लिपस्टिक. सोळा जणी बर्फावर उतरल्या की त्यांच्या पात्यांवरची प्लास्टिकची कव्हरं जमा करून दारापाशी उभं राहायचं. मी बाकावरून बघत होते. तिच्या दोन्ही हातांत मावेनात इतकी कव्हरं होती. काही काखेत धरलेली, दोन दातांत. आणि तशाच अवस्थेत ती आत चाललेल्या प्रत्येक पावलाबरोबर जागच्या जागी गुडघे वाकवत होती. त्या दिवशी मला ती स्वच्छ दिसली. आठ वर्षांत इतकी स्वच्छ कधीच दिसली नसेल. सगळ्या रिंकमध्ये एकटी उभी होती, शोधावी लागली नाही. मी तिच्यासाठी जे कायम मागत आले होते, तेच समोर होतं, आणि ते मला एक क्षणही बघवत नव्हतं. त्या रात्री मी देवापुढे मागितलं ते एवढंच, की हिला परत त्या गर्दीत घे.

पुढच्या वर्षी घेतलं. आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत माझ्याकडून तो व्हिडिओ निघाला.

ज्या मुलीचा निघाला तिची आई नर्स आहे, शनिवार-रविवारची ड्युटी तिला टाळता येत नाही. बहुतेक स्पर्धांना मुलगी दुसऱ्या कुणाच्या गाडीतून येते. मी तो व्हिडिओ तिला पाठवून दिला, चुकून झालंय असंही लिहिलं. तिचा फोन आला, बोलताना तिचा आवाज जड झाला होता. तिच्याकडे टीमचे पन्नास व्हिडिओ होते, पण नुसत्या तिच्या मुलीचा हा पहिलाच. साताऱ्याला मात्र मी कित्येक महिने काही सांगितलं नाही. आईने तो व्हिडिओ शेजारीपाजारी, मावशीला, भजनी मंडळात सगळ्यांना दाखवला होता. शेवटी दिवाळीच्या फोनवर सांगून टाकलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तिचीबी दृष्ट निघाली असंल. बरं झालं. तिची आजी लांबच असंल की."

यंदाचा हा लेकीचा शेवटचा सीझन. सतरा पूर्ण होतील, पुढच्या शरदात कॉलेज. परवा बाहेर बर्फ पडत होता म्हणून सराव रद्द झाला आणि ती चक्क घरी होती. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी सोफ्यावर बसली, माझ्या पांघरुणात पाय घातले आणि म्हणाली, तो जानेवारीचा व्हिडिओ लाव, टीमचा पूर्ण. मी टीव्हीवर लावला. लांबून घेतलेला आहे तो, वरच्या बाकांवरून. निळ्या ठिपक्यांची एक रांग निघते, वळते, मधून दुभंगते. मी म्हटलं, "दाखव बघू, तू कुठली?" ती लगेच म्हणाली, "सोपंय, डावीकडून पाचवी." रांग फिरली. तिने चमचा बशीत ठेवला. थोडी पुढे सरकली. चाक झालं, चाकातून वर्तुळ निघालं. "नाही, ही नाही. ती बघ, ती." मग ती उठली, टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. बोट पडद्याला लागेल न लागेल इतकं जवळ नेलं आणि ते बोट एका निळ्या ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरत राहिलं. संगीत संपत आलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "मागे घे जरा."